साइडलाइनवरून डाव कसा कळवायचा? अमेरिकन फुटबॉल संघाच्या मदतीला नव्याने जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली हे बरेचदा घडतं. मुलगा आठवी-नववीत जातो, क्रिकेट नको म्हणतो आणि शाळेच्या फुटबॉल संघात नाव घालून येतो. (फुटबॉल म्हणजे इथला. खांद्यावर पॅड, डोक्यावर हेल्मेट आणि चेंडू बहुतेक वेळ हातात.) मग आई-बाबांपैकी कुणीतरी संध्याकाळी सरावाच्या कडेला उभं राहू लागतं. एक दिवस मुख्य प्रशिक्षक विचारतात, "शुक्रवारी साइडलाइनवर मदतीला याल का?" हो म्हटलंत की तुमच्याकडे बहुधा दोनांपैकी एक काम येतं: पाण्याच्या बाटल्या, नाहीतर खुणा. बाटल्यांसाठी लेख लिहायची गरज नाही. हा खुणांसाठी आहे.

इथला 'डाव' म्हणजे क्रिकेटची इनिंग नव्हे, चेंडू उचलल्यापासून खेळ थांबेपर्यंतची एक चाल. अशा प्रत्येक डावाआधी प्रशिक्षकाच्या मनातला डाव मैदानातल्या अकरा मुलांपर्यंत पोचवायचा असतो. टीव्हीवर कॉलेजचे सामने पाहिले असतील तर हात हलवणारी माणसं, चित्रविचित्र फलक आणि पडदे धरून उभे राहिलेले मदतनीस दिसले असतील. ते पाहून वाटतं की हा सगळा लपवाछपवीचा मामला आहे. शाळेच्या पातळीवर लपवणं हा फार पुढचा प्रश्न. तिथे सामने बिघडतात ते आपल्याच मुलाला खूण कळली नाही म्हणून, किंवा कळेपर्यंत वेळ संपला म्हणून. पुढचं सगळं या अंदाजाने वाचा.

१. आधी कागदपत्रं

यात कंटाळा करू नका, कारण कागद पुरे नसतील तर साइडलाइनच्या आत पाऊल टाकू देत नाहीत. साधारण एवढं लागतं:

- स्वयंसेवक म्हणून पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म. काही ठिकाणी बोटांचे ठसेही द्यावे लागतात आणि त्याला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यातच अर्ज करा.
- डोक्याच्या दुखापतीबद्दलचं, म्हणजे कन्कशनचं प्रशिक्षण. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा 'हेड्स अप' हा ऑनलाइन कोर्स मोफत आहे. प्रमाणपत्राची प्रत फोनमध्ये ठेवा.
- लहान मुलांची लीग असेल तर बऱ्याच ठिकाणी यूएसए फुटबॉलचं प्रशिक्षक-प्रमाणपत्र मागतात.
- नियमांचं पुस्तक. बहुतेक राज्यांत शालेय सामने एनएफएचएसच्या, म्हणजे शालेय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी होतात. टेक्सासमधल्या सार्वजनिक शाळा कॉलेजच्या, म्हणजे एनसीएएच्या नियमांवर आधारलेलं फुटबॉल खेळतात. पुस्तकासोबत राज्य संघटनेचे त्या हंगामातले बदलही वाचा.

एक सापळा खास आपल्या लोकांचा. काही शाळा सहायक प्रशिक्षकाला हंगामाचं थोडं मानधन देतात. एच-१बीवर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा केला तिच्याखेरीज दुसरीकडून कामाचे पैसे घेणं अडचणीचं ठरू शकतं. रक्कम किरकोळ आहे म्हणून "असू दे" म्हणू नका. विनामोबदला यायचं ठरवा, किंवा सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. पुढे ग्रीनकार्डच्या वेळी हा हिशेब निघालेला कुणालाच नको असतो.

२. चाळीस सेकंदांचा हिशेब मांडा

एक डाव संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद मिळतात. २०१९च्या हंगामापासून एनएफएचएसच्या शालेय सामन्यांतही हेच घड्याळ आलं. दंड, टाइमआउट अशा काही थांब्यांनंतर २५ सेकंद मिळतात. वेळेत चेंडू खेळला नाही तर पाच यार्ड मागे.

चाळीस सेकंद ऐकायला भरपूर वाटतात. आता ते कुठे जातात ते पाहा. पडलेली मुलं उठतात, चेंडू जागेवर ठेवला जातो. वर प्रेस बॉक्समध्ये किंवा साइडलाइनवर बसलेला ऑफेन्सचा (चेंडू घेऊन पुढे सरकणाऱ्या बाजूचा) प्रशिक्षक डाव ठरवतो आणि हेडसेटवरून तुम्हाला सांगतो. तुम्ही खूण करता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणारा मुलगा, ती वाचतो, हडलमध्ये (सगळे गोल करून जमतात तिथे) सांगतो, हडल फुटते, मुलं जागेवर जातात. मग क्वार्टरबॅकला समोरचा डिफेन्स, म्हणजे अडवणारी बाजू, कसा उभा आहे हे बघायला निदान सात-आठ सेकंद हवेत. उलटीकडून मोजत आलात तर तुमची खूण घड्याळात २८-३० सेकंद शिल्लक असताना पूर्ण झालेली असायला हवी. खूण दाखवायला तीन-चार सेकंद, त्याहून जास्त नाहीत. जी खूण यात बसत नाही ती कितीही हुशारीची असली तरी टाकून द्या.

३. निरोपाची वाट निवडा

डाव आत पाठवायच्या वाटा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीला इतिहास आहे. तो थोडा माहीत असला की कुठली वाट का टिकली हे कळतं.

सुरुवातीच्या काळात प्रशिक्षकाने बाहेरून काही सांगणंच गैर मानलं जाई. एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक लीगने, बाकावरून सूचना द्यायला १९४४ साली परवानगी दिली. त्यानंतरच्या काळात क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन डावागणिक एक गार्ड (पुढच्या फळीतला खेळाडू) बाहेर काढायचे आणि दुसरा आत पाठवायचे. आत जाणारा डाव तोंडपाठ करून जाई. हा निरोप्या आजही शाळांत चालतो आणि छोट्या संघाला मी सर्वांत आधी हीच वाट सुचवेन, कारण यात काहीही शिकवावं लागत नाही. दोन गोष्टी सांभाळा. एनएफएचएसच्या नियमात ज्याच्या जागी खेळाडू आत गेला त्याने तीन सेकंदांत बाहेर निघायला सुरुवात करायला हवी, नाहीतर पंचाचा पिवळा रुमाल, म्हणजे दंड, पडतो. आणि निरोप्या वाटेत अर्धं विसरतो, म्हणून निघण्यापूर्वी डाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

याच पॉल ब्राउननी १९५६ साली क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमनच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून पाहिला. लीगने त्याच हंगामात तो बंद केला. एनएफएलमध्ये हेल्मेटमधला आवाज परत यायला १९९४ उजाडलं, आणि डिफेन्सच्या एका खेळाडूला ती सोय २००८ साली मिळाली. हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका दिसतो तो याचाच. घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. कॉलेजच्या सर्वांत वरच्या गटाला, एफबीएसला, हे २०२४ साली मिळालं. शाळेत काय चालतं हे राज्य संघटना ठरवते, म्हणून स्वतःहून इअरफोनचे प्रयोग करू नका. शिवाय रेडिओ एकाच खेळाडूच्या कानात असतो. हडल न करता भराभर खेळायचं असेल तर बाकीच्या दहांना खूण लागतेच, म्हणून रेडिओ येऊनही कॉलेजांत हात हलायचे थांबलेले नाहीत.

मनगटावरचा कागद म्हणजे रिस्टबँड. १९६५च्या हंगामाच्या अखेरीस बाल्टिमोर कोल्ट्सचे क्वार्टरबॅक जायबंदी झाले आणि टॉम मॅट या चेंडू घेऊन पळणाऱ्या हाफबॅकला त्या जागी उभं राहावं लागलं. प्लेऑफमध्ये ग्रीन बेविरुद्ध तो मनगटावर डाव लिहिलेली पट्टी बांधून खेळला. कोल्ट्स हरले, पण ती पट्टी हॉल ऑफ फेममध्ये गेली. नवख्याला डाव पाठ करायला वेळ नसतो, तेव्हा कागद कामी येतो. शाळेच्या मुलाची परिस्थिती रोजचीच ही.

चित्रांचे फलक ओरेगॉन विद्यापीठाने प्रशिक्षक चिप केली यांच्या काळात, म्हणजे २००९ नंतरच्या हंगामांत, गाजवले. एका फलकावर चार चित्रं, कधी प्राणी, कधी टीव्हीवरचा एखादा चेहरा. मुलांना फार आवडतात. पण फलक धरायला माणसं लागतात, वाऱ्यात ते उडतात, आणि ते छापायचा खर्च कोण करणार यावर बूस्टर क्लबच्या (संघासाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या) सभेत अर्धा तास जातो. पहिल्या वर्षी नको.

उरल्या हाताच्या खुणा. फुकट, बॅटरी लागत नाही, पावसात भिजत नाहीत. बहुतेक शालेय संघ खुणा आणि रिस्टबँड यांची जोडी वापरतात, तुम्हीही तीच धरा.

लहान गटांत काही लीग एका प्रशिक्षकाला थेट मैदानात, हडलमध्ये उभं राहू देतात. तुमच्या लीगमध्ये तसं असेल तर हा लेख इथेच मिटून मुलांना चेंडू घट्ट धरायला शिकवा.

४. डावाचे तुकडे पाडा

खुणा बनवायला बसण्यापूर्वी प्रशिक्षकाकडून डावांची पूर्ण यादी घ्या आणि प्रत्येक डाव तुकड्यांत लिहा. ऑफेन्सच्या डावात साधारण चार तुकडे असतात: मुलं उभी कशी राहणार (फॉर्मेशन), स्नॅपआधी, म्हणजे सेंटरने क्वार्टरबॅककडे चेंडू देण्याआधी, कुणी हलणार का (मोशन), प्रत्यक्ष डाव, आणि कितव्या हाकेला चेंडू उचलायचा (काउंट).

बऱ्याच शाळांत धावण्याच्या डावांना आकडे असतात. पहिला आकडा चेंडू कुणी न्यायचा, दुसरा कुठल्या फटीतून. सम आकडे उजवीकडच्या फटी, विषम डावीकडच्या. म्हणजे '२४' म्हटलं की दोन नंबरच्या बॅकने उजवीकडच्या चार नंबरच्या फटीतून घुसायचं. तुमच्या संघात उलटं असू शकतं, विचारून घ्या. आकडे असतील तर तुमचं अर्धं काम झालं, एकेका आकड्याला एकेक खूण ठरवली की पुरे.

यादी पाहिल्यावर प्रशिक्षकांना एक प्रश्न जरूर विचारा: "गेल्या वर्षी सामन्यांत यातले खरोखर किती वापरले?" पुस्तकात साठ डाव असतात आणि शुक्रवारी रात्री त्यातले मोजकेच चालतात. खुणा त्या मोजक्यांच्याच करा. बाकीचे रिस्टबँडवर टाका.

डिफेन्सचं काम सोपं आहे. पुढची फळी कशी, कोण घुसणार, मागे पासवरचा पहारा (कव्हरेज) कुठला, एवढे तीनच तुकडे. कव्हर टू म्हणजे दोन बोटं, कव्हर थ्री म्हणजे तीन, इतकं उघड दाखवणारे संघही सुखाने जिंकतात.

५. खुणा बनवा

इथे वेळ द्या.

खूण मोठी हवी. मैदान ५३⅓ यार्ड रुंद असतं. एनएफएचएसच्या नियमात संघाची जागा, म्हणजे टीम बॉक्स, दोन्हीकडच्या २५ यार्ड रेषांच्या मध्ये असते. त्याबाहेर जाऊन तुम्ही खुणा करू शकत नाही. आपला ऑफेन्स आपल्याच गोललाइनपाशी अडकला आणि चेंडू पलीकडच्या हॅशवर (मैदानात लांबीच्या दिशेने आखलेल्या छोट्या रेघांच्या ओळीवर) असला तर क्वार्टरबॅक तुमच्यापासून सुमारे ४० यार्ड दूर असतो, आणि पलीकडचा रिसीव्हर (पास झेलणारा) पन्नासच्या पुढे. तेवढ्या अंतरावरून बोटांचे बारकावे दिसत नाहीत. तीन बोटं की चार, हे दिव्यांच्या उजेडात हेल्मेटच्या जाळीतून ओळखून दाखवा. म्हणून खांदा, कोपर, डोकं, गुडघा असं सगळं अंग वापरा. बोटं फक्त एक, दोन आणि पूर्ण पंजा. अंगातल्या शर्टाच्या रंगाहून अगदी वेगळ्या रंगाचे हातमोजे घाला, फरक लगेच कळेल. मागच्या बाकावर सगळे गडद निळ्या जर्सीत उभे असताना निळा शर्ट आणि काळे मोजे घालून खुणा करणाऱ्याचे हात कुठे संपतात हे देवालाच ठाऊक.

खुणेला गोष्ट हवी. मुलं आकृती विसरतात, गोष्ट विसरत नाहीत. स्क्रीन पास असेल तर खिडकीचा पडदा ओढल्यासारखं करा. ड्रॉ असेल तर हवेत चित्र काढा. 'पॉवर' असेल तर दंड फुगवा. या खुणा मुलांनाच बनवू द्या. तुम्ही आणि मी ज्या गोष्टींवर हसतो त्यांवर ती हसत नाहीत, आणि त्यांनी केलेली खूण ती एका दिवसात पाठ करतात. फक्त शेवटचा हात तुमचा असू द्या: अश्लील इशारे, गँगच्या खुणा वाटतील असे हात, समोरच्या संघाची टिंगल वाटेल असं काही त्यात शिरतंच. पंचाला ते खपत नाही, प्रिन्सिपॉलना त्याहून नाही.

आता उजवं-डावं. जवळजवळ प्रत्येक नवा संघ इथे घसरतो, म्हणून सावकाश वाचा. समजा तुमचा बाक मैदानाच्या दक्षिणेला आहे आणि तुम्ही उत्तरेकडे तोंड करून उभे आहात. पहिल्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात) आपला ऑफेन्स पूर्वेकडे खेळतोय. क्वार्टरबॅकची उजवी बाजू म्हणजे दक्षिण, म्हणजे तुमच्याकडची. तुम्ही 'उजवीकडे' म्हणून आपला उजवा हात लांब केलात तर तो पूर्वेला जातो, नुसता मैदानाच्या टोकाच्या एंड झोनकडे. त्यातून कुणाला काय समजणार? बरं, 'माझ्याकडे' असं बोट केलं की उजवी, असं ठरवलंत. क्वार्टर संपला, बाजू बदलल्या, आता ऑफेन्स पश्चिमेकडे खेळतोय. क्वार्टरबॅकची उजवी बाजू उत्तरेला गेली आणि तुमचं 'माझ्याकडे' आता डावी झालं. पहिल्या क्वार्टरमध्ये सगळं ठीक चाललेलं असतं आणि दुसऱ्याच्या पहिल्याच डावाला अर्धी फळी एकीकडे, अर्धी दुसरीकडे.

म्हणून नियम असा करा की दिशा कधीही बोट दाखवून सांगायची नाही. दोन पर्याय आहेत. एक, कुठल्या हाताने खूण केली यावरून बाजू ठरते, आणि तो हात ओळखू यावा म्हणून उजव्या हाताचा मोजा वेगळ्या रंगाचा. दोन, उंचीवरून बाजू: खांद्याच्या वर केलेली खूण उजवी, कमरेखाली केलेली डावी. मला दुसरा बरा वाटतो. त्यात समोरच्याचा उजवा हात कुठला हा आरशाचा घोळ उरत नाही आणि बाजू कितीही बदलल्या तरी खूण तीच राहते.

दोन हात जुळवून इंग्रजी 'टी' कधीही करू नका. ती टाइमआउटची खूण आहे. शालेय नियमात मुख्य प्रशिक्षकालाही टाइमआउट मागता येतो, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून कुणी 'टी' केला की गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या नावावर एक टाइमआउट खर्ची पडला तर ड्राइव्हभर, म्हणजे चेंडू आपल्याकडे असेपर्यंत, कुणी तुमच्याशी बोलणार नाही.

आणखी तीन खुणा आधीच ठरवून ठेवा: 'आधीचं सगळं रद्द' (दोन्ही हातांनी छाती झटकणं चालतं), 'पुन्हा दाखवा' (ही खेळाडूने करायची, हेल्मेटच्या कानावर थाप मारून), आणि 'कळलं'. शेवटची बरेच जण गाळतात. क्वार्टरबॅकने मान हलवल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, ही सवय स्वतःला लावा.

मराठीत ओरडून सांगू, कुणाला कळणार आहे, ही कल्पना प्रत्येक मराठी पालकाला एकदा सुचते. आपल्या चिरंजीवांना कळेल. उरलेल्या दहांचं काय?

६. रिस्टबँड तयार करा

साहित्य: तीन खिडक्यांचे बँड (मुलांच्या मापाचे वेगळे मिळतात, मोठ्यांचे त्यांच्या हातातून घसरतात), जाड कागद, लॅमिनेशन, कात्री आणि लेझर प्रिंटर. इंकजेटची शाई घामाने पसरते.

कागदावर चौकटी आखा. वर स्तंभांना नावं, खाली आकडे, प्रत्येक आकड्यापुढे डाव. तुम्ही बाहेरून 'बी १४' दाखवायचं किंवा ओरडायचं, मुलांनी मनगटावर बघायचं. स्तंभांना रंग द्यायचा मोह होतो. लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका. या दोन रंगांतला फरक न कळणारी मुलं प्रत्येक मोठ्या गटात निघतात आणि ती आपणहून सांगत नाहीत. अक्षरं सुरक्षित.

धावण्याचे सगळे डाव एक ते वीस आणि पासचे पुढे, असं लावू नका. तिसऱ्या डावापर्यंत समोरच्या बाकावरच्या कुणालाही ते उमगतं. मिसळून टाका. जो डाव पुन्हा पुन्हा लागतो तो तीन वेगवेगळ्या आकड्यांवर ठेवा. दर सामन्याला आकडे बदला, म्हणजे मैदानात पडलेला कागद दुसऱ्या संघाच्या हाती लागला तरी पुढच्या शुक्रवारी तो रद्दी असतो.

फक्त क्वार्टरबॅकला बँड द्यायचा की अकराही जणांना? हडल करणार असाल तर एकाला पुरे. न करता खेळणार असाल तर सगळ्यांना हवा, आणि मग सगळ्यांच्या कागदावर एकच आवृत्ती आहे ना हे सामन्याआधी स्वतः तपासा. जुन्या आठवड्याचा कागद बँडमध्ये राहिलेला एक तरी बहाद्दर दर वेळी सापडतो. बँड मनगटावर किंवा हातावरच बांधायचा. काही मुलं कमरेच्या पट्ट्याला अडकवतात, त्यावर पंच हरकत घेऊ शकतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा बँड डाव्या हातावर.

७. लपवायचं किती?

आपल्याकडे बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात, शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. साइडलाइनवर उपरणं नाही, सगळं उघड्यावर आहे आणि समोर दुर्बीण घेतलेला माणूस असू शकतो. ही चिंता जुनीच. हडलची जन्मकथा सांगतात ती अशी: १८९०च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक पॉल हबर्ड याने पाहिलं की दुसरा कर्णबधिर संघ समोर असला की आपली सांकेतिक भाषा त्यांना सरळ वाचता येते. म्हणून त्याने सगळ्यांना गोल करून उभं केलं.

मोठ्यांच्या जगात याचे तमाशे झालेले आहेत. २००७ साली एनएफएलच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने न्यूयॉर्क जेट्सच्या डिफेन्सच्या खुणा साइडलाइनवरून चित्रित केल्या. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर दंड झाला, संघाला अडीच लाख, शिवाय ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्यातली) पहिल्या फेरीची निवड गेली. २०२३ साली मिशिगन विद्यापीठावर आरोप आला की पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या बाकावरच्या खुणा टिपल्या. त्या हंगामात प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना शेवटचे तीन साखळी सामने साइडलाइनपासून लांब राहावं लागलं. कॉलेजात समोरच्याच्या खुणा सामन्यात डोळ्यांनी वाचणं चालतं. चित्रण करणं किंवा आधी जाऊन टेहळणी करणं चालत नाही.

तुम्ही पालक म्हणून स्टँडमधून व्हिडिओ घेत असाल तर कॅमेरा मैदानावर ठेवा. समोरच्या प्रशिक्षकांच्या हातांवर झूम करू नका. तो व्हिडिओ पुढे कुठे कुठे फिरेल याचा भरवसा नसतो.

स्वतःच्या बाजूने एवढं पुरे: दोघं किंवा तिघं एकाच वेळी खुणा करतात, त्यातला एकच खरा, बाकीचे सोंग. खरा कोण हे क्वार्टरला बदलतं आणि मुलांना बाकावरच सांगितलं जातं. सोंग करायला राखीव खेळाडू उत्तम, त्यांना कामही मिळतं. सोंगाड्यांनी खऱ्या खुणाच करायच्या, मनाचे नाच नव्हे. नाच केला की खरा कोण हे उघड होतं. पडदे, चादरी यांच्या नादी लागू नका. आणि सोंगामुळे आपलाच एक मुलगा दोनदा चुकीकडे पाहतोय असं दिसलं तर त्या क्षणी सोंग बंद. समोरच्याला डाव कळला तरी त्याला तो अडवावा लागतो. आपल्याला कळला नाही तर अडवायचीही गरज नाही.

८. सरावात मुरवा

तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका. सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम होत असतानाच, पाच मिनिटं परीक्षा घ्या. चेंडू नाही. तुम्ही खूण करायची, अकराही जणांनी जागेवर जाऊन पहिलं पाऊल टाकायचं आणि थिजायचं. कोण चुकलं ते लगेच दिसतं. पाऊल चुकलं तर डाव माहीत नाही, जागा चुकली तर खूण वाचली नाही. या दोन चुका वेगळ्या आहेत, दुसरीच तुमची.

अंतर खरं ठेवा: तुम्ही २५ यार्ड रेषेवर, मुलं गोललाइनपाशी, चेंडू पलीकडच्या हॅशवर. एकदा दिवे लावून करा. एकदा स्पीकरवर गर्दीचा आवाज लावून करा. आणि मध्येच बाजू बदला, पाचव्या पायरीतलं उजवं-डावं खरंच पक्कं झालंय का ते तेव्हाच कळेल.

पुढच्या फळीतल्या लाइनमनना विसरू नका. ती धिप्पाड मुलं मान खाली घालून उभी असतात आणि साइडलाइनकडे बघत नाहीत. हडल नसेल तर त्यांना डाव तोंडी कोण सांगणार हे ठरवा. बहुधा सेंटर किंवा खुद्द क्वार्टरबॅक.

९. सामन्याच्या दिवशी

पिशवीत ठेवा: जादा बँड, कोरे कागद आणि जलरोधक पेन, मोज्यांची दुसरी जोडी, डावांची यादी (तुमच्यासाठी, मोठ्या अक्षरात), चिकटपट्टी, हेडसेटच्या बॅटऱ्या. हेडसेट बंद पडला तर प्रशिक्षक तुम्हाला डाव कसा सांगणार, हेही आधी बोलून घ्या.

पंचांची वाट सोडा. साइडलाइनला लागून दोन यार्डांची पट्टी खेळ चालू असताना मोकळी ठेवावी लागते. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा पाच यार्ड, पुढे पंधरा. पळणाऱ्या मुलासोबत कडेकडेने धावत ओरडणं ही आपल्या लोकांची खास सवय, तिच्यामुळेच हे दंड होतात.

एक राखीव डाव ठरवून ठेवा. घड्याळात १० सेकंद उरले आणि खूण आली नाही, दिसली नाही किंवा कळली नाही तर क्वार्टरबॅकने काय खेळायचं? सर्वांना झोपेत येणारा एखादा साधा धावण्याचा डाव. त्यासाठी टाइमआउट घालवायचा नाही आणि साइडलाइनकडे हात पसरून उभं राहायचं नाही. हा डाव फक्त क्वार्टरबॅकला नाही, अकराही जणांना माहीत हवा.

सामना संपल्यावर मुलं बसमध्ये चढायच्या आधी सगळे कागद मोजून परत घ्या. कुठल्या खुणेला 'पुन्हा दाखवा' आलं त्यांच्यापुढे यादीत टिंब करा आणि सोमवारी प्रशिक्षकांना दाखवा. ज्या खुणेला दोन सामन्यांत टिंब आलं ती बदला, पण बदल सोमवारीच करा. गुरुवारी नवी खूण शिकवलीत तर शुक्रवारी निम्मी मुलं जुनी वाचतील.